कॉलेजचं सामाजिक न्यायाचं संमेलन आणि जिन्याखालचे डबे

खाडीपूल – ७ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांब लिहिणार आहे, शेवटी तुमची मदत हवी आहे.

मी नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्याजवळच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. चार वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. आमच्याकडे दरवर्षी दोन दिवसांचं संमेलन असतं, सामाजिक न्याय आणि नागरिक म्हणून आपला सहभाग या विषयावर. गॅदरिंग वेगळं, हे वेगळं. यात भाषणं, पथनाट्य, पोस्टर, संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन असं सगळं असतं. एरवी २६ नोव्हेंबरच्या आसपास होतं. यंदा परीक्षा आणि मग पालिकेची निवडणूक आली, अर्ध्या स्टाफला निवडणूक ड्यूटी लागली, त्यामुळे ३० आणि ३१ जानेवारीला घेतलं. ३० तारखेला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन पाळलं आणि सुरुवात केली.

पण सांगायचं आहे ते २०२२ पासूनचं. ते माझं पहिलं संमेलन. कार्यक्रम छान झाला, पाहुणे गेले, मुलं सेल्फी काढून पांगली. साडेसहाच्या सुमारास मी मंचाजवळ हिशोबाच्या पावत्या गोळा करत होते. सफाईच्या एक ताई फुलांच्या पाकळ्या झाडत होत्या. भिंतीवर मुलांनी रंगवलेलं पोस्टर होतं, "किमान वेतन ही भीक नाही, हक्क आहे". त्यांनी झाडू थांबवून ते अक्षर अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे किमान वेतन म्हंजे किती असतं हो?"

अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला आकडा सांगता आला नाही. "कामाप्रमाणे आणि भागाप्रमाणे वेगळं असतं, बघून सांगते," म्हणाले. बघितलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. रोज सकाळी माझ्या स्टाफरूमचं टेबल त्या पुसायच्या आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

गेल्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी प्रकल्पासाठी कंत्राटी कामगार हा विषय घेतला. मी त्यांना एमआयडीसीत जा म्हटलं. त्या आठवड्याने परत आल्या आणि म्हणाल्या, "मॅम, एमआयडीसीत कुणी आत सोडत नाही. आपल्याच कॉलेजच्या ताईंशी बोललो तर चालेल? त्या डबा कुठे खातात माहितीये का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. मागच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी, पुठ्ठा अंथरून. चौदा बायका, दोन पाळ्यांत.

तिथून यंदाचं संमेलन सुरू झालं. आम्ही ठरवलं, बाहेरचे वक्ते कमी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पटांगणात जनसुनावणी. विषय एकच: आपल्या फाटकाच्या आत काय चाललंय. राजस्थानात १९९४ साली कोट किराना गावात मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, तिथे हजेरीपट सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचून दाखवले गेले आणि कागदावरचे मजूर नि खरे मजूर यांतला फरक उघडा पडला. माहिती अधिकाराच्या चळवळीला तिथून बळ मिळालं. मुलांना मी हे दरवर्षी फळ्यावर शिकवते. यंदा करून बघितलं.

सहा निवेदनं झाली: सफाईच्या ताई, बारा-बारा तास उभे राहणारे रखवालदार, शिष्यवृत्ती अडकलेली मुलं, कँटीनमधला मुलगा, एक अंध विद्यार्थी आणि रात्री अंधाऱ्या रस्त्याने स्टेशन गाठणाऱ्या मुली. प्राचार्य समोर सतरंजीवर बसले. दोन तास उठले नाहीत. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितेय, कारण त्यांना न बसणं सहज शक्य होतं.

निष्पन्न काय? तळमजल्यावरची बंद पडलेली भांडारखोली ताईंना मिळाली, पंखा लागला. चौदापैकी अकरा जणींचे भविष्यनिर्वाह निधीचे खाते क्रमांक सापडले. तिघींचे अजून नाहीत. पगाराच्या पावत्या देऊ असं कंत्राटदार म्हणालाय.

आणि आता मदत. सफाईचं कंत्राट मार्चअखेर संपतंय. नव्या कंत्राटात काय अटी असाव्यात याची यादी आमच्या समितीने द्यावी, असं प्राचार्यांनी लेखी सांगितलंय. समितीत मी, एक ग्रंथपाल, दोन विद्यार्थी आणि ताईंपैकी दोघी आहोत. कायद्याचं कुणालाच धड कळत नाही. काय लिहून घ्यावं?

---

ऐरोलीकर – ७ फेब्रुवारी, रात्री १०:५२

धागा आवडला. एक शंका लगेच विचारतो. या बायका कंत्राटी. सगळ्या कॉलेजसमोर बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी कंत्राटदार म्हणाला "उद्यापासून येऊ नका", तर? विद्यार्थी पास होऊन जातील, तुमची नोकरी पक्की आहे. किंमत त्यांनाच मोजावी लागेल. माझी आई पंधरा वर्षं एका ऑफिसात हाउसकीपिंगला होती. तक्रार केल्यावर काय होतं ते घरात बघितलंय.

---

खाडीपूल – ७ फेब्रुवारी, रात्री ११:३०

ऐरोलीकर, हाच प्रश्न ताईंनी आम्हाला ऑगस्टमध्ये विचारला होता. तीन महिने नुसत्या बैठका झाल्या, त्याही त्यांच्या जेवणाच्या वेळेत आणि फोन बाजूला ठेवून. बोलायचं की नाही, काय बोलायचं, हे त्यांनी ठरवलं. निवेदन विद्यार्थिनीने वाचलं, कुणाचंही नाव नाही, चौदा जणींचं मिळून एकच. चित्रीकरणाला बंदी होती. प्राचार्यांकडून आधी लेखी घेतलं की या कार्यक्रमावरून कुणालाही कामावरून काढलं जाणार नाही, आणि कंत्राटदाराला तसं पत्र गेलं.

तरी वाचन संपल्यावर एक ताई आपणहून उठल्या. ठरलेलं नव्हतं. म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावरचा संडास आम्ही धुतो पण आम्हाला वापरायचा नाही असं सांगितलंय, ते कुणी सांगितलं ते मला माहीत नाय, पण सगळ्यांना माहीत हाय." आणि खाली बसल्या. तेवढंच. मागच्या रांगेतली टिवल्याबावल्या करणारी पोरंही गप्प झाली. सोमवारी त्या संडासावरची पाटी निघाली.

आणि हो, पक्की नोकरी असणाऱ्याने पुढे उभं राहायचं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तेच करायला मला तीन वर्षं लागली.

---

पारसिक – ८ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. ठाण्यात चाळीस वर्षं काढली, सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालो. माझी नात तुमच्यासारख्याच एका कॉलेजात आहे. आईबाप फी भरतात ते मुलांनी शिकावं म्हणून. कामगारांचे प्रश्न सोडवायला कामगार खातं आहे, युनियन आहेत. विद्यार्थ्यांना यात ओढलं की अभ्यास राहतो आणि मनात कडवटपणा तेवढा भरतो. शिवाय असली संमेलनं बऱ्याचदा नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत फोटो लागावेत म्हणून होतात, हे मी जवळून पाहिलंय. तुमचं तसं असेल असं म्हणत नाही. पण समाजसेवा करायची तर सेवा योजनेचं दत्तक गाव आहे, सात दिवसांचं शिबिर आहे. तिथे बंधारे बांधा, झाडं लावा. त्यात कुणाचं नुकसान नाही.

---

कळव्याची – ८ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

पारसिक आजोबा, मी विद्यार्थिनी आहे म्हणून सांगते. आम्हाला कुणी ओढत नाही, आम्ही आधीच त्यात असतो.

माझी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पहिल्या वर्षी प्रवेश घेताना (कॉलेजचं नाव घेत नाही) काउंटरवर सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. पात्र मुलांकडून अशी फी घ्यायची नाही असे शासनाचे आदेश आहेत, हे मला नंतर कळलं. पप्पांनी भिशीतून पैसे उचलले. मग महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज, तो महिनाभर कॉलेजच्या लॉगिनलाच पडून. आधार खात्याशी जोडलेलं नव्हतं म्हणून एक हप्ता परत गेला. आता केंद्राचा वाटा थेट आमच्या खात्यात येतो आणि तो आम्ही कॉलेजला भरायचा असतो. आला की लगेच फोन येतो. यायला उशीर झाला तर मात्र कुणीच फोन करत नाही.

हे सगळं मी कुणाला सांगू, हेच मला माहीत नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आमच्याकडे त्यांचं नाव बोर्डावर होतं, तो बोर्ड अकाउंट्सच्या कपाटामागे. दत्तक गावात जाऊन मी बंधारा बांधलाय आजोबा, मनापासून बांधलाय. पण त्या गावातली माणसं मला विचारत होती, बाई तुझ्या शाळेत सगळं बरं आहे ना? मी हो म्हटलं.

---

घणसोली_गावठाण – ८ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

मॅडम, तुमच्या सहा निवेदनांत एक सातवं राहिलं. जमिनीचं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं कुठलंही कॉलेज घ्या, पायाखाली कुणाचं तरी भाताचं शेत नाहीतर मिठागर आहे. १९७० ला सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं या शहरासाठी आली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानफाट्याला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते होते, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. हे माझ्या पिढीतल्या आगरी पोरांना पाठ आहे, कारण घरात त्याच फायली आहेत. माझ्या आजोबांची फाइल वडिलांकडे आली, वडिलांकडून माझ्याकडे. गावठाणात गरजेपोटी बांधलेली घरं अजून नियमित व्हायची आहेत. आणि शहरातली नवी पोरं विचारतात, तुमचा गाव अनधिकृत कसा काय?

मी कॉलेजात असताना असंच संमेलन झालं होतं. विस्थापनावर परिसंवाद. नर्मदेवर बोलणारे बाहेरून आले होते, खूप चांगलं बोलले, मला रडू आलं. पण ज्या सभागृहात बसलो होतो तो भूखंड शैक्षणिक वापरासाठी सवलतीत दिलेला, आणि तो कुणाच्या सातबाऱ्यातून आला हे एकानेही विचारलं नाही. मागच्या बाकावर आम्ही चौघे गावातले होतो. आमच्यातल्या एकाचं शेत तिथंच होतं, तो बोलला नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना बोलवा. मंचावर नको, मंचावर ती गप्प बसतील. पटांगणात खुर्ची टाकून बसवा आणि पोरांना म्हणा, विचारा यांना, इथं काय होतं. कुठला बांध, कुठली खाडी आत यायची, कुठं जिताडा मासा मिळायचा. मी घेऊन येतो त्यांना.

---

लेखाजोखा – ८ फेब्रुवारी, दुपारी ३:३३

कामगार कायद्यात वकिली करतो. खाडीपूल, तुमच्या प्रश्नाकडे येतो. विस्कळीत लिहिलंय, सांभाळून घ्या.

आधी कायदा कुठे आहे ते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांबद्दलचं प्रकरण व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे आणि ते ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागतं. त्यामुळे कुणी तुम्हाला म्हणेल, तुमच्या चौदाच बायका आहेत, तुम्हाला काही लागू नाही. तिथे गप्प बसू नका. एक म्हणजे कंत्राटदाराची सगळीकडची मिळून संख्या विचारा, ती बहुधा ५० च्या वर निघते. आणि दुसरं, वेतन संहितेला असा आकडा नाही. किमान वेतन सगळ्यांना आहे, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे. कंत्राटदाराने बुडवला तर ज्याचं काम आहे त्याच्यावर जबाबदारी येते, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातही होतं आणि पुढेही राहिलंय. कॉलेजला हात झटकता येत नाहीत. प्राचार्यांना हे एक वाक्य नीट समजावलं की पुढचं सोपं होतं, कारण मग अटी या उपकार राहत नाहीत, कॉलेजच्या स्वतःच्या बचावाच्या होतात.

किमान वेतनाचा आकडा: महाराष्ट्रात तो उद्योग, परिमंडळ आणि कौशल्याप्रमाणे असतो आणि त्यातला विशेष (महागाई) भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैला बदलत आलाय. म्हणून कंत्राटात रुपयांचा आकडा कोरू नका. "त्या त्या वेळी लागू असलेलं किमान वेतन अधिक विशेष भत्ता" असं लिहा, नाहीतर तीन वर्षं जुन्याच आकड्यावर अडकाल.

भविष्यनिर्वाह निधी कामगाराकडून १२ टक्के आणि मालकाकडून १२ टक्के. अनेक कंत्राटदार दोन्ही वाटे कामगाराच्या पगारातूनच कापतात. पावतीत शोधा. कर्मचारी राज्य विम्याला (ईएसआय) पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे, कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. कार्ड हातात मिळालंय का बघा. कार्ड नसेल तर दवाखान्यात गेल्यावर त्या कापलेल्या पैशांचा काही उपयोग नाही.

मग कॉलेजने कंत्राटदाराचं बिल केव्हा द्यायचं? मागच्या महिन्याचा बँकेतून झालेल्या पगाराचा पुरावा आणि निधी भरल्याचं चलन, त्यात प्रत्येकीचं नाव, हे जोडल्याशिवाय नाही. सगळ्यात चालणारी अट हीच आहे. बाकी नियुक्तीपत्र, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. आणि कंत्राटदार बदलला तरी त्याच बायका कामावर राहतील हे आधी लिहून घ्या. तुमच्या सुनावणीनंतर ऐरोलीकर म्हणतात तो धोका नेमका कंत्राट बदलताना येतो. काढत कुणी नाही, नव्या यादीत नाव येत नाही एवढंच.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी बायकांनाही लागू आहे. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन त्यांच्या खोलीत लावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत.

आणि तुमचं कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकार आहेच. शासनाच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी महाविद्यालयं त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात स्पष्ट केलंय. अर्ज १५० शब्दांत, एकच विषय, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. जुन्या कंत्राटाची प्रत, हजेरीपट, चलनं मागा. विद्यार्थ्यांकडून लिहून घ्या, दीडशे शब्दांत नेमकं विचारणं ही अवघड गोष्ट आहे, परीक्षेत याला मार्क असायला हवेत.

---

वाशी_ते_पनवेल – ८ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

मी व्हीलचेअर वापरते. माझ्या कॉलेजातल्या संमेलनाचा विषय त्या वर्षी दिव्यांगांचे हक्क होता आणि कार्यक्रम पहिल्या मजल्यावर होता, लिफ्ट बंद. चार मुलांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलांचं मन चांगलं होतं, आजही संपर्कात आहेत. पण खाली बघत, जीव मुठीत धरून, प्रत्येक पायरी मोजत वर गेले होते मी, आणि पोहोचल्यावर माझ्याकडून आभाराच्या दोन शब्दांची अपेक्षा होती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. पण जागा मिळाली म्हणजे वर्गात पोहोचता आलं असं नाही. खाडीपूल, एक काम करा. तुमच्या मुलांना मोजपट्टी देऊन कॉलेजभर फिरवा. उताराला १ फूट चढायला १२ फूट लांबी हवी. आमच्याकडचा उतार म्हणजे पायऱ्यांवर ओतलेलं सिमेंट होतं. दाराची रुंदी, संडासातली कडी किती उंचीवर आहे, आणि पाण्याचा नळ. एका दुपारचं काम आहे. अंध विद्यार्थ्याच्या निवेदनावर पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तेही सांगा.

---

उपवन – ८ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मला पारसिक यांच्या दत्तक गावाबद्दल लिहायचं आहे.

ठाण्याजवळच्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर दर थंडीत कॉलेजच्या बस येतात. वणीचा पाडा, पाटोणापाडा. मुलं उतरतात, वारली चित्रं दाखवा म्हणतात, वह्या-पेन्सिली वाटतात, फोटो काढतात, बस जाते. पाड्यावरच्या एका घरात पेन्सिलींचा डबाभर साठा मी पाहिलाय, शार्पनर एक नाही. मुलांना दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की या घराला नेमकं काय हवंय.

काय हवंय ते सांगते. कागद. मी काही वर्षं दगडखाणीच्या वस्त्यांवर, तुर्भे-दिघ्याच्या बाजूला मुलांच्या शाळेचं काम केलं. तिथे बहुतेक वडार समाज, सोलापूर आणि कर्नाटकाकडून आलेला. दहावी झालेल्या मुलीला जातीचा दाखला हवा असतो. त्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राहिवासाचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांचे आजोबा एका खाणीतून दुसऱ्या खाणीवर फिरत होते त्यांनी १९६१ चा कागद आणायचा कुठून? शाळेत नाव घातलेलं नसतं. कुणा चुलत्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली सापडली तर वंशावळ जोडून काम होतं, पण त्यासाठी गावच्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडून घ्यावं लागतं. एक दाखला, दोन-तीन फेऱ्या, बुडालेले रोज.

सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. दोन मुलांनी मिळून एका वर्षात एका घराचा एक दाखला काढून दिला, तर त्या घराच्या पुढच्या पिढ्यांचं काम झालं. संमेलनात त्याचं टेबल लावा. कोणत्या मुलांकडे दाखला आहे, जातीची पडताळणी अडकली आहे का, हे आधी आपल्याच वर्गात विचारा. कळव्याचीसारखी मुलं समोर येतील.

---

पारसिक – ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

काल दिवसभर सगळं वाचलं. कळव्याची, तुझा प्रतिसाद नातीला वाचून दाखवला. ती म्हणाली, आजोबा, माझ्या वर्गात तिघी अशा आहेत. मला माहीत नव्हतं.

अभ्यास बुडू नये हे मत अजून कायम आहे. पण लेखाजोखा यांच्या अटी वाचून हात शिवशिवले, कारण निविदा हेच माझं टेबल होतं. एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी लिहिली नाही. तुम्ही कितीही अटी घाला, निविदा जर सगळ्यात कमी एकूण रकमेवर दिली तर कंत्राटदार ती कमी करणार कुठून? झाडू-फिनेल किती स्वस्त होणार? तो पगारातूनच कमी करणार. म्हणून पगार, भविष्यनिर्वाह निधी, विमा, रजा हा भाग कॉलेजने स्वतः काढून निविदेत ठरावीक रक्कम म्हणून छापायचा. त्यावर बोलीच नाही. बोली फक्त कंत्राटदाराच्या सेवाशुल्कावर. आणि सेवाशुल्क शून्य किंवा नगण्य टाकणाऱ्याला बाद करायचं, कारण फुकट काम कुणी करत नाही, तो वसुली दुसरीकडून करतो. साहित्याचा खर्च वेगळा दाखवायचा.

जुनी निविदा मला पाठवता आली तर तक्ता करून देतो. डोळे अधू झालेत, पण आकडे अजून दिसतात.

---

ऐरोलीकर – ९ फेब्रुवारी, सकाळी १०:४८

पारसिक काका, मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

मतदानाबद्दल थोडं. नवी मुंबईत पालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. खाडीपूल यांचे आजचे विद्यार्थी २०१५ ला तिसरी-चौथीत असतील, नगरसेवक या माणसाकडे काय मागायचं असतं हेच त्यांनी पाहिलेलं नाही. माझा भाऊ पहिल्यांदा मत द्यायला गेला, एका प्रभागात चार मतं द्यायची हे त्याला खोलीत गेल्यावर कळलं. आणि त्याच्या दोन मित्रांची नावंच नव्हती, कारण १ जुलै २०२५ पर्यंतची यादी धरली होती आणि त्यांनी अर्ज नंतर भरला. सतरा पूर्ण झालं की आगाऊ अर्ज भरता येतो, वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अकरावी-बारावीच्या मुलांपर्यंत हे पोहोचवा, डिग्रीला येईपर्यंत उशीर होतो. आता निवडून आलेले लोक आहेत. पुढच्या सुनावणीला प्रभागातल्या चारही जणांना बोलवा. स्टेशनच्या रस्त्यावरचे दिवे हा त्यांचा विषय आहे, प्राचार्यांचा नाही.

---

खाडीपूल – ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि आज दुपारी नव्या खोलीत ताईंसमोर मोठ्याने वाचले. पाऊण तास लागला. लेखाजोखांचा भाग दोनदा वाचायला लावला. "दोन्ही वाटे आमच्यातूनच" या ओळीला तिघींनी पाकिटातून जुन्या पावत्या काढल्या. पारसिक, जुनी निविदा तुम्हाला उद्या पाठवते. घणसोली_गावठाण, गावातल्या त्या दोन म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्याआधीच आणता येईल का? जून उजाडेपर्यंत तिसऱ्या वर्षाची मुलं निघून जातात, आणि त्यांनीच ऐकावं असं मला वाटतं.

वाशी_ते_पनवेल, तुम्ही बरोबर पकडलंत. अंध विद्यार्थ्याने परीक्षेत लेखनिक शेवटच्या दिवशी मिळतो असं सांगितलं होतं, त्यावर अजून काहीही झालेलं नाही. उद्या परीक्षा विभागात त्याच्यासोबत जातेय. मोजपट्टीचं काम शनिवारी, वीस मुलांनी नावं दिलीत.

उपवन, वर्गात हात वर करायला लावणं मला पटेना, म्हणून बंद चिठ्ठ्या घेतल्या. एका वर्गात सात मुलांचा दाखला किंवा पडताळणी अडकलेली निघाली. सात. मी त्यांना वर्षभर शिकवतेय.

ताईंनी आपल्या यादीत तीन गोष्टी वाढवल्या, त्या आपल्यापैकी कुणालाच सुचल्या नव्हत्या. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी काढायला गमबूट. हजेरीची सही करतो त्या पानाचा रोज फोटो काढायची परवानगी. आणि पुढच्या वर्षी सुनावणी दुपारी दोन ते चार ठेवा, कारण पाचला दिघ्याच्या शाळा सुटतात आणि यंदा तिघींना अर्ध्यातून उठून जावं लागलं होतं.